दूरचे पाणी आणि दारची विहीर

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, खोताच्या वाडीनजीकच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या सभेपुढे एक ठराव यावयाचा आहे आणि त्यास एक उपसूचनाही आलेली आहे. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून समुद्रास मिळणारे नद्यांचे पाणी गोदावरीच्या खोऱ्यात वळवून मराठवाड्याची तहान भागवावी, व या मागणीस आपल्या मंडळाने जाहीर पाठिंबा द्यावा, असा मूळ ठराव लातूर-धाराशिवकडील सभासदांनी पाठविला आहे. कोकणच्या नद्यांचा थेंबही घाटावर जाता कामा नये, ही उपसूचना वाडे-शहापूरकडील सभासदांची आहे. मी हयातभर पाटबंधाऱ्यांच्या कामात होतो, एवढ्या एका कारणावरून चिटणीसांनी, मत घेण्यापूर्वी हा विषय उलगडून सांगण्याचे काम माझ्यावर सोपविले. ते मी आनंदाने पत्करले असे म्हणणे खोटेपणाचे होईल. आपल्या ज्ञातीत सोयरिकी घाटाच्या दोन्ही अंगांना झालेल्या आहेत. पाणी देणाऱ्या गावची लेक पाणी मागणाऱ्या गावी नांदते आहे. अशा घरात हात वर करून बहुमत मोजले, की ठराव संमत होतो आणि मने मात्र दुभंगतात.

यास्तव मी आरंभ कोकणापासूनही करीत नाही आणि मराठवाड्यापासूनही करीत नाही. आपण बसलो आहोत त्या गिरगावापासूनच करतो. कारण दुसऱ्या खोऱ्याचे पाणी पिण्याचा या महाराष्ट्रात सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा अनुभव कोणाचा असेल तर तो आम्हा मुंबईकरांचा आहे, आणि या वादात आम्ही तिऱ्हाईत मुळीच नाही.

खोताची वाडी, फणसवाडी, कांदेवाडी, केळेवाडी ही नावे आपण पत्त्यापुरती उच्चारतो. वाडी म्हणजे मूळ बागायत. आणि विहिरीवाचून बागायत नाही, हे अलिबाग-रेवदंड्याकडे आजही डोळ्यांना दिसते. गिरगावातील माडांच्या बागा विहिरींच्या पाण्यावर पोसल्या गेल्या, मग त्या बागांतून घरे उठली आणि घरांना विहिरींचे पाणी पुरले. शहराच्या उरलेल्या वस्तीस तलाव होते. सी. पी. टँक, गोवालिया टँक, धोबीतलाव ही नावे उरली आहेत. तलाव बुजून कित्येक पिढ्या लोटल्या. वस्ती वाढली तेव्हा हे सारे अपुरे पडले. १८५० नंतरच्या दशकात मुंबईत अशी टंचाई पडली, की गुरेढोरे माहीमकडे हलवावी लागली आणि होड्यांतून व आगगाडीतून पाणी आणून ते शहरातील विहिरींत ओतावे लागले. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी १८५३ साली धावली, हे आपण शाळेत पाठ केले. त्याच आगगाडीने पुढील काही वर्षांतच तहानलेल्या मुंबईस पाणी वाहिले, हे कोणी पाठ करून घेतले नाही. ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

त्या टंचाईतून १८६० साली साष्टीतील मिठी नदीवर विहार तलाव झाला. १८७९ साली तुळशी तलाव झाला. त्यासाठी तासो नावाची एक लहानशी नदी अडवून तिचे पाणी विहारकडे वळविण्यात आले. आज ज्यास ‘नदीजोड’ असे भारदस्त नाव देतात, त्याची ही घरगुती आवृत्तीच म्हणावयाची. मग आपण साष्टी ओलांडली. १८९२ साली तानसा, १९५७ साली महापालिकेचे ख्यातनाम अभियंते नानासाहेब मोडक यांचे नाव लाभलेला वैतरणेवरील मोडकसागर, १९७३ साली ऊर्ध्व वैतरणा, त्यानंतर भातसा आणि २०१४ साली मध्य वैतरणा, अशी पायरी-पायरीने मुंबई शंभर-सव्वाशे किलोमीटर आत शिरली. ऊर्ध्व वैतरणा तर इगतपुरी तालुक्यात, म्हणजे नाशिक जिल्ह्यात आहे. गोदावरी आणि वैतरणा या दोघींचा उगम त्र्यंबकच्याच डोंगरांत. एक पूर्वेस जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते, दुसरी पश्चिमेस वळून अरबी समुद्रास. त्या वैतरणेचे पाणी आज सकाळी आपल्या मोरीतल्या नळास आले. महापालिका या शहरास दररोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी पुरविते, आणि त्यातील विहार-तुळशीचा अत्यल्प भाग सोडला तर ते सारे परक्या खोऱ्यांचे आहे.

या पाण्याने मुंबई जगली, याबद्दल कृतज्ञताच असावी. परंतु नळ आल्यावर विहिरींचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाचा अहवाल दिला आणि घरोघरच्या उघड्या विहिरींत हिवतापाचा डास वाढतो हे दाखविले. निदान बरोबर होते. त्यानंतर विहिरींवर झाकणे बसली, कित्येक बुजविण्यात आल्या, कित्येकांवर जिने आणि न्हाण्या उठल्या. ज्या विहिरीचे पाणी रोज उपसले जाते, जिच्यात मासे सोडलेले असतात आणि जिच्याकडे घरातली बाई दिवसातून चारदा पाहते, ती विहीर आणि नळ आल्यावर पाठ फिरविलेली विहीर यांत फरक असतो. दूरचे पाणी दारात आले, की दारच्या पाण्याची राखण सुटते. मुंबईत ती सुटली. २००२ नंतर नव्या मोठ्या इमारतींना पावसाचे पाणी साठविण्याची सक्ती करावी लागली, ती याच विस्मरणावरचा उतारा म्हणून. हा उतारा किती इमारतींत खरोखर घेतला जातो, हे सोसायट्यांच्या चिटणीसांनी आपल्या मनाशी तपासावे.

आता पाण्याच्या दुसऱ्या वाटेकडे वळू. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस स्वभावतः पूर्वेस, भीमा-कृष्णेकडे, वाहतो. विसाव्या शतकात त्यातील बराच भाग माणसाने पश्चिमेस वळविला, आणि तोही मुंबईसाठीच. लोणावळे, वळवण आणि शिरवता येथील तलावांचे पाणी घाटाखाली सोडून १९१५ साली खोपोलीस वीज झाली. १९२२ साली भिवपुरीस आणि १९२७ साली मुळशीच्या पाण्यावर भिरा येथे. परळ-लालबागच्या गिरण्यांचे चाते या विजेवर फिरले. ज्या भीमेच्या खोऱ्यात सोलापूर आहे, त्या खोऱ्याचे पाणी खोपोलीस पाताळगंगेत, भिवपुरीस उल्हास नदीत आणि भिऱ्यास कुंडलिकेत उतरले. मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. धरण झालेच. त्या सत्याग्रहाकडे आपण ‘धरणास विरोध’ एवढ्याच दृष्टीने पाहतो. त्यात आणखी एक प्रश्न दडलेला होता: एका खोऱ्याचे पाणी दुसऱ्या खोऱ्यास देताना पहिल्या खोऱ्यातील माणसास कोण विचारतो? शंभर वर्षे झाली, तो प्रश्न अद्याप जागच्या जागी आहे.

पुढे कोयना आली. तिचे पाणी बोगद्यांतून घाटाखाली पोफळीस उतरते, वीज करते आणि वाशिष्ठीतून समुद्रास जाते. कृष्णा पाणीतंटा लवादाने या पश्चिमेकडे वळविण्याच्या पाण्यास वर्षाकाठी ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घालून दिली. एक अब्ज घनफूट म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. या विजेने महाराष्ट्राचे कारखाने आणि आपली घरे उजळली, हे मी स्वतः त्या खात्याच्या वर्तुळात वावरलेला माणूस म्हणून अभिमानाने सांगतो. तथापि आजच्या ठरावाच्या संदर्भात यातली विसंगती दृष्टिआड करता येत नाही. आपण एका हाताने कृष्णेचे पाणी साडेचारशे मीटरांहून अधिक खाली सोडून वीज मिळवितो, आणि दुसऱ्या हाताने कोकणचे पाणी तेवढेच वर चढवून वीज खर्च करावी असे म्हणतो. हा हिशेब कागदाच्या पाठीवर होण्यासारखा आहे. एक हजार लिटर पाणी पाचशे मीटर उंच चढवावयाचे तर निव्वळ वजनापोटी १.३६ युनिट वीज लागते. पंपाची व मोटारीची तूट धरली की पावणेदोन-दोन युनिट. एक अब्ज घनफुटास सुमारे पाच कोटी युनिट झाले. हे दरवर्षी, आणि धरण-बोगद्याचा खर्च वेगळा. माथ्यालगत, उगमाजवळ पाणी अडविले तर चढण पुष्कळ कमी होते, हे खरे; पण उगमाजवळ नदीत पाणीही थोडेच असते. दमणगंगेकडून आणि वैतरणेकडून गोदावरीत पाणी वळविण्याच्या ज्या योजना पुढे आल्या आहेत, त्या या दोन अडचणींच्या मधली वाट शोधीत आहेत. नार-पार-गिरणा योजनेस राज्य शासनाने २०२४ साली मान्यता दिली. तिचे पाणी मात्र तापीच्या खोऱ्यात, नाशिक-जळगावकडे जावयाचे आहे, मराठवाड्यास नव्हे. ‘नदीजोड’ हा शब्द कानावर पडला की आपल्याच गावाचा पाट निघाला असे समजण्याची घाई कोणी करू नये.

लातूरकडील सभासद आता म्हणतील, की हे सारे ठीक, पण आमच्या घशाची कोरड हिशेबाने जात नाही. ते योग्यच आहे. म्हणून त्यांच्या भूमीकडे येतो.

मराठवाड्याची जमीन काळ्या पाषाणाची आहे. लाव्हारसाचे थर एकावर एक बसून हा पाषाण झाला. गंगेच्या मैदानात वाळूच्या शेकडो फूट जाडीत पाणी साठते, तशी येथे सोय नाही. वर माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला किंवा छिद्रांनी भरलेला खडक. या छिद्रवाल्या खडकास विहीर खोदणारे वडार ‘मांजऱ्या’ म्हणतात. (लातूरची नदीही मांजराच, हा केवळ योगायोग.) पाणी राहते ते मुख्यतः याच वरच्या चाळीस-साठ फुटांत, आणि तेही शंभर घनफूट खडकात दोन-तीन घनफुटांच्या हिशेबाने. पूर्वीच्या विहिरी तेवढ्याच खोल असत. मोट तेवढ्याच खोलीची, बैलांची ताकद तेवढीच. म्हणून वर्षाचा पाऊस वर्षभर पुरविला जाई. बैलांच्या थकण्यात पाण्याचे संरक्षण होते. विजेचा पंप थकत नाही. आणि विंधणयंत्र आल्यावर तर पाषाणाच्या पोटातील अरुंद भेगा दोनशे, तीनशे मीटरांपर्यंत भेदल्या जाऊ लागल्या. त्या भेगांतील पाणी कित्येक वर्षांच्या मुरणीचे असते. ते एकदा उपसले की पुढील मृगात भरून येत नाही. शिवाय शेजारच्याने खोल विंधले, की आपली साधी विहीर आटते. मग आपणही विंधतो, आणि पाणाड्याची मात्र चांगली चलती होते. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात साठ मीटरांहून खोल विहिरींवर निर्बंध घातले आहेत. हा कायदा २०१४ पासून अंमलात आला. विंधणयंत्राच्या मालमोटारी गावोगाव फिरताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या कायद्याच्या प्रकृतीविषयी मी वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

आता २०१६ सालचे लातूर. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले. पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी करण्यास मार्च महिन्यात जमावबंदी करावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन ३४२ किलोमीटर अंतर तोडून आगगाडी लातुरास आली. पहिल्या फेऱ्यांत पाच लाख लिटर, पुढे फेरीगणिक पंचवीस लाख. ऑगस्टपर्यंत शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या आणि पंचवीस कोटी लिटरांहून अधिक पाणी लातुरास मिळाले. मुंबईस आगगाडीने पाणी आणले त्याला तोवर दीडशेहून अधिक वर्षे झाली होती, आणि आम्ही ते विसरूनही गेलो होतो.

त्या आगगाडीने लातूरची लाज राखली. पण दोन तुलना आपल्यापुढे ठेवल्याशिवाय मला राहवत नाही. पहिली आम्हा मुंबईकरांसाठी: चार महिन्यांत लातुरास आगगाडीने जे पाणी मिळाले, ते मुंबई दीड-पावणेदोन तासांत वापरून टाकते. दुसरी लातूरकरांसाठी: एक हेक्टर उसास पाटाने पाणी दिले तर वर्षाकाठी दोन कोटी लिटरांच्या आसपास पाणी लागते. म्हणजे देशभर ज्या आगगाडीची छायाचित्रे छापून आली, तिने आणलेले सारे पाणी बारा-तेरा हेक्टर उसाच्या एका वर्षाइतके होते. लातूर, बीड आणि धाराशिव या जिल्ह्यांत ऊस किती हेक्टर आहे, हे सभेतील बागायतदारांना माझ्याहून चांगले ठाऊक आहे. कोणी रागावू नये. ऊस लावणारा शेतकरी मूर्ख नाही. उसाला ठरलेला भाव आहे, कारखाना आहे, उचल आहे, आणि तुरीला-हरभऱ्याला यातले काही खात्रीचे नाही. परंतु नदी आणून दिली तरी ती उसाने पिऊन टाकली, तर लातूरच्या नळास पुन्हा आगगाडीचीच वाट पाहावी लागेल.

आणखी एक गोष्ट नकाशावर बोट ठेवून सांगावयाची आहे. ठरावात ‘मराठवाडा’ असा एकच शब्द आहे. नाशिकपाशी गोदावरीत सोडलेले पाणी प्रथम नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून जाईल, मग पैठणच्या जायकवाडी धरणात, नाथसागरात, पोहोचेल. त्या धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली आणि १९७६ साली ते पूर्ण झाले. तेव्हापासून वरच्या धरणांतून खाली पाणी किती सोडावयाचे, हा तंटा टंचाईच्या प्रत्येक वर्षी उच्च न्यायालयापर्यंत जाण्याच्या बेतात असतो आणि काही वेळा गेलाही आहे. एकाच खोऱ्यातील भाऊबंदकी अशी. मग तिसऱ्या खोऱ्याचे पाणी आल्यावर ती वाढेल की घटेल, याचा विचार करावा. आणि पैठणास पाणी आले म्हणजे लातुरास आले असे नव्हे. लातूर गोदाकाठी नाही. ते बालाघाटाच्या डोंगरांपलीकडे मांजरेच्या खोऱ्यात आहे, आणि मांजरा धरणाची पातळी नाथसागराच्या पातळीहून दीडशे मीटरांपेक्षा अधिक उंच आहे. म्हणजे सह्याद्री चढलेले पाणी गोदावरीने खाली उतरेल आणि लातूरसाठी त्यास पुन्हा एकदा चढावे लागेल. ज्यांनी ठराव पाठविला त्यांच्याच गावास ते पाणी शेवटी पोहोचावयाचे आहे.

अशा कामांचा परदेशांतील अनुभव काय सांगतो? स्पेनमध्ये १९७९ साली ताहो नदीचे पाणी आग्नेयेकडील सेगुरा खोऱ्यात आणण्यात आले. तेथील विहिरी उपसून उपसून खोल गेल्या होत्या. नदीच्या पाण्याने त्यांना विसावा मिळेल ही अपेक्षा होती. झाले असे, की पाणी येणार म्हणताच बागायत वाढली, आलेले पाणी तिला पुरले नाही, आणि विहिरी पूर्वीसारख्याच उपसल्या गेल्या. देणारा प्रांत आणि घेणारा प्रांत यांचे भांडण आजही चालू आहे. याउलट अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्याचे घ्या. कोलोराडो नदीचे पाणी सुमारे ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्याने फिनिक्स आणि टूसॉन या शहरांकडे न्यावयाचे होते. मध्यवर्ती सरकारने बजावले, की प्रथम विहिरींवर कायदा करा, नाहीतर कालव्यास पैसा नाही. १९८० साली तसा कायदा झाला: नेमून दिलेल्या क्षेत्रांत नवी जमीन भिजविण्यास मनाई, विहिरींवर मीटर, उपशाची वार्षिक नोंद. कालव्याचे पाणी त्यानंतर आले, आणि त्यातील काही मुद्दाम जमिनीत मुरविण्यात आले. नेमलेल्या क्षेत्राबाहेर मात्र कायदा नव्हता. तेथील विहिरी आजही खोल जात आहेत. एकाच राज्यात दोन्ही प्रयोग झाले म्हणावयाचे. आणि २०२२ पासून कोलोराडोच रोडावल्यामुळे त्या कालव्याच्या पाण्यात मोठी कपात झाली. जमिनीत जे मुरविले होते त्याचा आधार तेव्हा कळला. चीनमध्ये दक्षिणेकडील पाणी २०१४ साली पेकिंग शहरात पोहोचले. तेथेही शहराच्या विहिरी जाणूनबुजून बंद करीत नेल्या, तेव्हा कुठे जमिनीतील पाणी वर चढू लागले.

आपल्याकडे एवढे लांब जाण्याचे कारणही नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावी, पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने, दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि मग पिके ठरवितात. शेतीसाठी विंधणविहीर घ्यावयाची नाही, ऊस आणि केळी लावावयाची नाहीत, हे नियम गावाने स्वतः केले आणि पाळले. तेथे पाऊस लातूरहून कमी पडतो.

आता उपसूचनेकडे वळतो. वाडे-शहापूरच्या मंडळींचा राग मला समजतो, आणि मुंबईकर म्हणून मला त्यापुढे मान खाली घालावी लागते. तानसा, भातसा आणि मोडकसागर यांच्या परिसरातील शहापूर तालुक्यात दरवर्षी उन्हाळ्यात पाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागते. मुंबईचे जाडजूड नळ त्यांच्या अंगणापासून जातात आणि बायका हंडे घेऊन डवऱ्याकडे जातात. पालघरकडे सूर्या प्रकल्प आदिवासींची शेती भिजविण्यासाठी म्हणून झाला. त्याच्या पाण्यातील मोठा हिस्सा पुढे वसई-विरार आणि मिरा-भाईंदर या शहरांना नेमून देण्यात आला. ज्यांचे दोनदा गेले ते तिसऱ्यांदा देताना हात आखडतात, यात नवल नाही. ‘समुद्रास वाहून वाया जाणारे पाणी’ हा शब्दप्रयोगही जपून करावा. खाडीस गोडे पाणी मिळते म्हणून खाडीचे मासे आहेत, आणि आपल्यातील ज्यांना मासळीवाचून जेवण जात नाही त्यांनी तरी त्या पाण्यास वाया गेलेले म्हणू नये. असे असले तरी ‘थेंबही नाही’ ही भाषा मला मान्य नाही. ती मान्य केली तर पहिला नळ गिरगावातलाच बंद करावा लागेल. मराठवाड्याच्या माणसाने प्यावयास पाणी मागितले, तर नाही म्हणण्याचा अधिकार मुंबईत राहणाऱ्या कोणालाही उरलेला नाही.

तेव्हा माझे मत मूळ ठरावाच्या आणि उपसूचनेच्या मधले आहे. ते गुळमुळीत वाटू नये म्हणून लेखी करून आणले आहे आणि अध्यक्षांच्या अनुमतीने वाचून दाखवितो: “दुसऱ्या खोऱ्यातून पाणी आणण्याच्या योजनेस हे मंडळ पाठिंबा देते, तो पिण्याच्या पाण्यापुरता. जेथून पाणी घ्यावयाचे तेथील गावांच्या बारमाही पिण्याच्या पाण्याची सोय प्रथम व्हावी, त्यांच्या ग्रामसभांचे म्हणणे ऐकले जावे. जेथे पाणी द्यावयाचे तेथे भूजल अधिनियमाची अंमलबजावणी आधी व्हावी, विहिरींची नोंद आणि उपशाचे मोजमाप व्हावे, आणि आणलेल्या पाण्यावर नवा ऊस लावला जाऊ नये.” लातूरच्या मंडळींना शेवटचे वाक्य कडू लागेल आणि शहापूरच्या मंडळींना पहिले. दोघांना कडू लागणारे औषध म्हणून मी ते तयार केलेले नाही. जेवढे हिशेबात बसते तेवढेच लिहिले आहे.

ठराव शासनाकडे जाईल आणि पोच येईल; त्याहून अधिक काही लगेच घडेल असे अनुभवाने वाटत नाही. म्हणून मंडळाच्या हातचे एक काम सुचवितो. आपल्या ज्ञातीतील कुटुंबे ज्या ज्या गावी आहेत, तेथील त्यांच्या विहिरींची एक नोंदवही मंडळाने ठेवावी. गाव, विहिरीची खोली, दिवाळीस पाणी किती हातांवर होते, अक्षय्य तृतीयेस किती, जवळपास विंधणविहिरी किती, शिवारात कोणते पीक, एवढेच रकाने. गिरगावातील ज्या जुन्या घरांच्या आवारात विहीर आहे किंवा होती, त्यांनीही ती लिहावी. बुजविली असल्यास तसे लिहावे. मापन घेण्यास दोरी आणि दगड पुरतो. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या, की पुढच्या स्मरणिकेत त्या छापता येतील, आणि तेव्हा लातूरकर शहापूरकरांशी आणि दोघेही आमच्याशी आकड्यांनिशी बोलू शकतील.

अशी एक वही आखून आणली असून ती चिटणीसांच्या मेजावर ठेवली आहे. ज्यांना आपल्या गावच्या विहिरीची खोली आत्ता सांगता येईल त्यांनी चहापानाच्या वेळी लिहावी. ज्यांना सांगता येणार नाही त्यांनी घरी विचारून महिन्याभरात कळवावी. मतदान चहापानानंतर आहे.